नाक्याच्या अलीकडे उतरणारी माणसं

मला पोलिसांची भीती वाटते. हे लिहितानाही थोडी वाटते आहे. मी कधी कुणाची चोरी केलेली नाही, कुणाचा बांध कोरलेला नाही, शेजारणीशी भांडले असेन तर तेही तोंडानंच. तरी वळणावर खाकी रंग दिसला की आपण काहीतरी केलंच आहे, फक्त आत्ता आठवत नाहीये, असं वाटायला लागतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तो स्कूटर घेतली तेव्हापासून लागला.

आमची वाडी आंजर्ल्याच्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. एसटी मोजक्या वेळी येते, आणि ती चुकली की दापोलीला जायला कुणाच्यातरी रिक्षेची वाट बघत बसायचं. नवरा मुंबईत नोकरीला. शिमगा, गणपती आणि मे महिना एवढ्यापुरता घरी. घरात मी आणि सासूबाई. त्यांना बीपीच्या गोळ्या लागतात, मला दुकानातल्या चार वस्तू लागतात, आणि दर वेळी कुणाचे उपकार घ्यायचे म्हटलं की माझं डोकं तापतं. म्हणून नवऱ्यानं स्कूटर घेतली आणि चाळिशी उलटल्यावर मला सड्यावरच्या उघड्या कातळावर ती चालवायला शिकवली. सासूबाई एका दगडावर बसून बघायच्या आणि मी गाडी सुरू करण्याच्या आधीच ‘ब्रेक! ब्रेक!’ म्हणून ओरडायच्या.

शिकाऊ लायसन निघालं. पक्क्या लायसनची परीक्षा तेवढी राहिली. एकदा सासूबाईंना ताप होता म्हणून, एकदा मीच घाबरले म्हणून. गाडीच्या पुढे तांबड्या अक्षराची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि त्या चिठ्ठीच्या भरवशावर मी दापोली गाठायची. कायद्यानं मी मागे कुणाला बसवायलाही नको होतं. पण सासूबाईंना घरी ठेवून त्यांचं बीपी कोण तपासून आणणार?

नवरा घरी आला की आम्ही तिघं एकाच गाडीवर निघायचो. पुढे तो, मध्ये मी, मागे सासूबाई. ट्रिपल सीट. आता शहरातल्या माणसानं नाक मुरडायच्या आधी एक सांगते, आमच्याकडे हे सगळेच करतात आणि ते कसं करायचं याची एक रीतसुद्धा पडून गेलेली आहे. दापोलीच्या अलीकडे एक चढ आहे, त्या चढावर वळण आणि वळणापलीकडे पोलीस उभे असतात. समोरून येणारा गाडीवाला दिवा मिचकावून सावध करतो. मग वळणाच्या अलीकडे तिसऱ्या माणसानं उतरायचं आणि रस्त्याच्या कडेनं, बाजाराला निघाल्यासारखं, चालत नाका ओलांडायचा. गाडीवर दोघंच राहिले म्हणजे गाडी कायद्यात बसली. नाक्याच्या पुढे एसटीचा थांबा आहे, तिथं तिसऱ्याला परत उचलायचं.

बाजाराच्या दिवशी हे बघण्यासारखं असतं. आसपासच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या, हातात पिशव्या, एकामागून एक त्या वळणावरून पायी चालल्यात आणि त्यांचे लेक-सुना हळूहळू गाड्या हाकत बाजूनं चाललेत. कुणी कुणाला ओळखत नाही. पोलिसांना हे कळत नसेल असं मला एक क्षणही वाटत नाही. पण पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईला कुठल्या कलमाखाली अडवणार?

सासूबाईंनी या कामाचे नियम घालून दिले होते. त्या मला दर वेळी बजावायच्या, ‘‘माज्याकडं बगायचं नाय हां. मी बी तुमच्याकडं बगणार नाय. बगितलं की कळतं त्यांना.’’ आणि खरंच त्या बघायच्या नाहीत. डोक्यावर पदर, नजर समोर, पाऊल ना वेगात ना सावकाश. मला हसू यायचं. नवऱ्याला यायचं नाही.

त्याचं कारण होतं. एकदा, कुठल्याशा नाक्यावर, तिघं असताना आम्हाला धरलं होतं. पोलीस झाडामागून एकदम पुढे आला, गाडीच्या आडवाच. नवऱ्यानं कसाबसा ब्रेक दाबला, आम्ही सगळे पुढे कलंडलो. दंड केला असता तर भरून मोकळे झालो असतो. पण तो पोलीस तरुण होता आणि त्याला गर्दी जमलेली आवडत होती. ‘‘म्हातारीला सर्कशीत नेतोस काय रे? अक्कल गहाण ठेवलीस?’’ असं तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. एकेरीत. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला, त्याच्या आईदेखत, रस्त्यावर. मग आम्हाला बाजूला उन्हात उभं करून ठेवलं, का ते सांगितलं नाही, किती वेळ तेही सांगितलं नाही. आमच्या वाडीतली दोन माणसं रिक्षेतून जाताना बघून गेली. सासूबाई एकसारख्या म्हणत होत्या, ‘‘साहेब, माजी चूक हाय. मीच बोललू मना घेऊन चल. त्याला नको बोलू.’’ त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली, की आपण मागे बसतो म्हणून आपल्या पोराचा अपमान होतो. त्यांचं ते उतरून चालणं भीतीनं होतं हे खरं, पण ती भीती स्वतःसाठी नव्हती. हे मला कळायला फार उशीर लागला.

आता त्यानंतर दोन वर्षांनी जे झालं, त्या मे महिन्याचं सांगते.

आमच्या आंब्याच्या बागेला चिऱ्यांचा गडगा आहे. मातीशिवाय नुसते दगड रचून केलेली भिंत ती, दर पावसाळ्याआधी कुठेतरी ढासळलेली असतेच. नवरा सुट्टीवर आला होता. त्या दिवशी वाडीतल्या एका घरचं लग्न होतं, खालच्या गावात, आणि सगळी वाडी सकाळपासून तिकडे गेलेली. हा म्हणाला, जेवायच्या वेळेला जाऊ, तोवर गडगा उरकतो. मी परकराला नाडी घालत बसले होते. बागेतून त्याचा आवाज आला, मोठा नाही, ‘‘अगं, जरा बघ.’’

बोट धरून तो गडग्याशी बसला होता. चिरा उचलताना खाली विंचू होता. लाल, बारका. सासूबाईंनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. काळ्या मोठ्या विंचवाला आमच्याकडे कुणी फारसं भीत नाही, या लहान लालाला भितात. तरी नवरा म्हणत होता, होईल कमी, थोडी चुना-हळद लाव. मी लावली. पण थोड्या वेळात त्याला घाम सुटला. मे महिन्याच्या घामासारखा नव्हता तो. शर्ट पिळून काढावा एवढा घाम आणि हात मात्र गार. मग उलटी झाली. मग त्याची जीभ जड झाली आणि तो माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला ते मला कळलं नाही.

अँब्युलन्सला फोन लावला. ती लांब दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. रिक्षावाल्यांना फोन केले, सगळे लग्नात, फोनमधून बँड ऐकू येत होता आणि माझं बोलणं त्यांना ऐकू जात नव्हतं. एकानं ‘येतो येतो’ म्हटलं पण तो कुठून येणार होता देव जाणे. नवऱ्याचा श्वास आता घशात घरघरत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तू काढ गाडी.’’

मी म्हटलं, ‘‘आई, मला जमेल का? सगळी वळणं आहेत.’’

‘‘काढ गो. मी धरतंय त्याला मागनं.’’

आजारी माणसाला मध्ये बसवायचं आणि मागच्यानं त्याला कवळून धरायचं, ही आमच्याकडची दुसरी रीत. कुणाला ताप असो, कुणाचे दिवस भरलेले असोत, रस्त्यावर दर दोन दिवसांनी असं एखादं माणूस मध्ये घातलेलं दिसतंच. आम्ही त्याला तसंच घातलं. सासूबाईंचे हात त्याच्या काखेतून पुढे माझ्या पोटापर्यंत आले होते. हेल्मेट पडवीत खुंटीला राहिलं. ते आठवलंसुद्धा नाही. खोटं का बोलू, आठवलं होतं, फाटकाबाहेर पडल्यावर. पण मागे वळायचं धैर्य नव्हतं.

तो रस्ता मी आजही डोळे मिटून सांगू शकते. पर्यटकांच्या गाड्या कड्यावरच्या गणपतीकडे चाललेल्या, मोठ्यानं हॉर्न देत, आणि मी मधोमध जीव मुठीत धरून. नवऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्याची हनुवटी दर खड्ड्याला माझ्या हाडावर आपटत होती आणि ती आपटली की मला बरं वाटायचं, कारण आपटल्यावर तो कण्हायचा. एका उतारावर तो कण्हला नाही. मी ‘‘अहो! अहो!’’ म्हणून ओरडले. मागून सासूबाई म्हणाल्या, ‘‘हाय, हाय. तू पुढं बग.’’ त्या एकसारखं गणपतीचं नाव घेत होत्या.

आसूदची वळणं गेली. दापोली जवळ आली. मला वाटायला लागलं, पोचतो आपण. तेवढ्यात समोरून एक जीप आली आणि तिनं दिवा मिचकावला.

नवरा मरतो की काय अशा अवस्थेत माझ्या मागे होता, आणि मी पोलिसांना भ्याले. शिकाऊ लायसन, हेल्मेट नाही, तिघं, सगळं एका दमात डोक्यात आलं. मागे उन्हात उभं केलं होतं ते आठवलं. किती वेळ उभं करतील? श्वास घरघरत असलेल्या माणसाला उन्हात उभं करतील का? करणार नाहीत, असं ज्याला खात्रीनं म्हणता येतं तो नशीबवान. मला म्हणता येत नव्हतं.

चढाच्या वळणावर गाडी आपोआप सावकाश झाली, आणि मागून वजन एकदम हलकं झालं.

सासूबाई उतरल्या होत्या. इतक्या वेळा त्या तिथं उतरल्या होत्या, की गाडी तिथं सावकाश झाली आणि त्यांचे पाय जमिनीला लागले. मी ‘‘आई!’’ म्हणून किंचाळले. त्यांनी धावत येऊन लेकाचे दोन्ही हात माझ्या पोटाभोवती गुंडाळले आणि दाबले. ‘‘तू हो पुढं. तिघं दिसलू तर अडकवून ठेवतील. मी येतंय चालत.’’

चढावर थांबणं मला जमत नव्हतं. पाय टेकवले असते तर गाडी मागे गेली असती आणि आम्ही दोघंही खाली आलो असतो. मी डाव्या हातानं त्याची मनगटं धरली आणि एका हातानं गाडी वर चढवली. त्याचा भार डावीकडे सरकत होता. मी उजवीकडे कलत होते. वळणापलीकडे नाका दिसला, बॅरिकेड, जीप, एक वयस्क हवालदार आणि एक तरुण महिला पोलीस. तिनं हात वर केला.

मी थांबले, आणि तो घसरला. गाडी मला आवरेना. तिनं हातातली काठी टाकली आणि त्याचं डोकं डांबरावर आपटायच्या आत दोन्ही हातांत झेललं. ती गुडघ्यांवर आपटली त्याचा आवाज मला ऐकू आला.

आणि मी काय करत होते? मी बोलत होते. ‘‘मॅडम, शिकाऊ लायसन आहे. परीक्षा द्यायची राहिली. हेल्मेट आहे, घरी आहे, खरंच आहे. चुकलं, मॅडम.’’ माझा नवरा रस्त्यावर पडला होता आणि कुणीही न विचारलेल्या प्रश्नांची मी उत्तरं देत होते.

‘‘ताई, ते राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘यांना काय झालंय?’’

‘‘विंचू.’’

‘‘लाल?’’

मी मान हलवली. ती वळून ओरडली, ‘‘दादा, गाडी काढा, गाडी!’’ हवालदारानं तोवर जीप सुरू केलीच होती. मागच्या गाडीतून दोन पर्यटक उतरून आले, सगळ्यांनी मिळून त्याला उचललं. त्याच्या ओठांशी गुलाबी फेस होता. तो बघितल्यावर मी बोलायची थांबले.

त्याला उचलताना मी रस्त्याच्या पलीकडे बघितलं. सासूबाई चालल्या होत्या. डोक्यावर पदर, नजर समोर. लेकाला चौघं उचलत होते, गाड्या थांबल्या होत्या, माणसं जमली होती, आणि त्या कडेकडेनं चालल्या होत्या. एकदा त्यांचं पाऊल अडखळलं. थांबतील असं वाटलं. पण त्या पुढे गेल्या. बघितलं की कळतं, हा त्यांचाच नियम होता.

त्याला जीपमध्ये आडवं करेपर्यंत त्या दिसेनाशा झाल्या. जीप सुटली. नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर, ती मुलगी खाली बसून त्याची नाडी धरून. नाका मागे पडला, थांबा आला. थांब्यावर सासूबाई रस्त्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तिथं त्या नेहमी आमची वाट बघायच्या.

‘‘थांबवा,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या सासूबाई आहेत. यांची आई.’’

हवालदारानं ब्रेक दाबला आणि खिडकीतून हाक मारली, ‘‘आजी, चला, बसा लवकर.’’

सासूबाई वळल्या. पोलिसांची गाडी आपल्या पुढ्यात थांबलेली बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या. ‘‘मी नाय, साहेब. मी त्यांच्यातली नाय.’’

‘‘अहो, तुमचा मुलगा आहे ना आत?’’

‘‘नाय वो. माजा कोण नाय तो. मी एकटीच हाय. बाजाराला चाललंय.’’

त्यांच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. पायांत चपला दोन वेगवेगळ्या होत्या, घाईत घातलेल्या. मी आतून ओरडले, ‘‘आई, काय बोलताय? चढा!’’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच घात केला. सगळं नीट पार पडत आलं होतं आणि सुनेनं तोंड उघडून लेकाला अडकवलं. ती पोलीस मुलगी खाली उतरली, तिनं त्यांचा दंड धरला, तर त्या हात सोडवायला लागल्या. ‘‘तिघं नव्हतू आमी,’’ त्या रडायला लागल्या, ‘‘खरंच तिघं नव्हतू.’’ शेवटी तिनं त्यांना जवळजवळ उचलूनच आत घातलं.

हवालदार गाडी हाकताना म्हणाला, ‘‘आम्ही काय खातो का हो माणसांना?’’ त्याला माझ्या सासूबाईंचा राग आला नव्हता, तो दुखावला होता. चांगला माणूस होता बिचारा. पण मला त्याला सांगावंसं वाटत होतं, की खात नाही हे आम्हाला कधी कळू दिलंत?

त्या दिवसानंतर मी या गोष्टीवर इतका विचार केला आहे की नवरा म्हणतो, तूच आता पोलिसात भरती हो. मी काही कायद्याच्या विरुद्ध नाही. तिघांनी एका गाडीवर बसू नये, हेल्मेट घालावं, परीक्षा द्यावी. यातलं एकही खोटं नाही. आमच्या वळणांवर मी फुटलेली डोकी बघितलेली आहेत. दंडाची पावती आता फोनवर येते, येऊ दे की. त्यात रस्त्यावर तमाशा करायची काय गरज? झाडामागे लपून गाडीच्या आडवं यायची काय गरज? उघड्यावर उभे राहा, लांबून दिसा, माणूस आपणहून सावकाश होईल. आणि थांबवलंत तर पहिला प्रश्न काय विचारता त्यावर सगळं आहे. ‘लायसन काढ’ म्हटलं की आमच्यासारख्या माणसाचं डोकं बंद पडतं, तो पळायला तरी बघतो नाहीतर खोटं बोलायला. त्या मुलीनं विचारलं, काय झालंय? हे विचारायला तिला कुणी शिकवलं होतं की ती मुळातच तशी होती, मला माहीत नाही. तशी असेल तर आमचं दैव. पण बायकोनं नवऱ्याला नाक्यावरून घेऊन जायचं तेव्हा कुठला पोलीस ड्यूटीवर आहे या दैवावर का सोडायचं? त्या झाडामागच्या पोलिसानं उन्हात उभं केलं तेव्हा त्याच्या दृष्टीनं तो एका किरकोळ चुकीची किरकोळ शिक्षा देत होता. तो विसरूनही गेला असेल. ती शिक्षा आमच्या घरात दोन वर्षं राहिली.

दवाखान्यात वेळेत पोचलो. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. कसला उशीर ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, रात्र काढू द्या म्हणाले. रात्र त्यानं काढली. सकाळी त्याचे हात गरम झालेले होते. मी ते हात धरून रडले.

सासूबाई आत येईनात. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्या आदल्या दिवसापासून बसून होत्या, त्याच वेगवेगळ्या चपला पायांत. मी म्हटलं, ‘‘चला, तो विचारतोय तुम्हाला.’’ त्यांनी माझा हात धरला.

‘‘त्यानं आयकलं का गो?’’

‘‘काय?’’

‘‘मी बोललू ता.’’

‘‘छे. तो शुद्धीत कुठे होता.’’

शुद्धीत होता तो. त्या थांब्यावर त्याचा हात माझ्या हातात होता, आणि ‘माजा कोण नाय तो’ या शब्दांना त्यानं माझी बोटं दाबली होती. पण ते मी कशाला सांगू? त्या उठल्या, पदर सारखा केला आणि आत आल्या. खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. लेकाच्या पायावर हात ठेवला, तोंडाकडे बघितलं नाही.

नवऱ्यानं नाकावरची नळी जरा बाजूला केली. ‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘बरोबर केलंस तू.’’

त्यांनी वर बघितलं.

‘‘तूही अडकली असतीस उगाच. बरोबर केलंस.’’

तो समजूत घालत नव्हता. मला त्याचा आवाज कळतो. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्या आईच्या चेहऱ्यावरचा ताण बघता बघता उतरला. मला दोघांचा राग आला. आणि त्या रागाखाली थंडगार भीती वाटली, कारण चढाच्या आधी मीही दिवा बघून तेच सगळं मोजत होते.

दारात कुणीतरी उभं होतं. तीच पोलीस मुलगी, गणवेशात, एका गुडघ्याला पट्टी बांधलेली. आमची स्कूटर दवाखान्याच्या आवारात आणून लावली आहे हे सांगायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ‘‘कसं वाटतंय आता?’’ तिनं नवऱ्याला विचारलं. तो मान हलवून हसला.

सासूबाई मात्र स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. हात जोडलेले, मान खाली.

‘‘बसा ना आजी,’’ ती म्हणाली. मग जवळ येऊन परत म्हणाली, ‘‘आजी, बसा.’’

ती मुलगी असेपर्यंत सासूबाई बसल्या नाहीत.